तोडलेल्या ॲशमधला किडा मरत नाही

अमेरिकेत मिनेसोटात राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाने काल घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि खाली विचारलं, "ताई, हे खरं ना? मग अंगणातल्या ॲशच्या झाडाचे ओंडके कॅम्पिंगला नेतो." फॉरवर्डमध्ये लिहिलंय की किड्याने मेलेल्या ॲशच्या लाकडाची विल्हेवाट लावायला सरकारी पैसा देणं ही उधळपट्टी आहे. झाड तोडलं की किडा मरतो, लाकूड सरपणाला फुकट वाटा. नाहीतर विका, किमती आहे. किडा तसाही सगळीकडे पसरलाय. आणि ज्याचं झाड, त्याने निस्तरावं.

आधी सरपणाचं बोलते, कारण ते वाचून मी हादरलेच. झाड तोडल्याने किडा अजिबात मरत नाही! हा किडा म्हणजे एमराल्ड ॲश बोरर, ॲशच्या झाडावरचा खोडकिडा. त्याची अळी सालीखालच्या, अन्नरस वाहणाऱ्या थरात असते. झाड आडवं झालं तरी ती आत वाढत राहते आणि तोडल्यावर दोन वर्षांपर्यंत ओंडक्यातून भुंगेरे निघू शकतात. मागच्या वेळी भावाकडे गेले होते तेव्हा आम्ही एका ओंडक्याची साल पटाशीने उचकटली होती. आत भुशाने गच्च भरलेली नागमोडी भुयारं होती, आणि सालीवर इंग्रजी डी अक्षरासारखी 3-4 मिलिमीटरची भोकं. हा भुंगेरा स्वतः उडून फार लांब जात नाही, शेकडो मैल त्याला माणसंच गाडीतून नेतात. म्हणून तर ॲशचं सरपण लांब न्यायचं तर ओंडक्याच्या गाभ्यापर्यंत 60 अंश सेल्सियसला तासभर तापवायचा नियम केला गेला. नाहीतर लाकडाच्या एक इंचाहून बारीक चिप्स, म्हणजे तुकडे, करायचे. भट्टी, चिपर, ट्रक, ओंडके ठेवायला जागा, हे सगळं फुकट येतं का? पैसा यालाच लागतो.

लाकूड किमती आहे, हे अर्धं खरं. किडा साल पोखरतो, गाभा चांगला राहतो. बेसबॉलच्या बॅटी, अवजारांचे दांडे ॲशचे बनत आलेत. पण रस्त्याकडेच्या झाडात खिळे, तारा निघतात, लाकूड कापणारे गिरणीवाले ते घ्यायला कचरतात. शिवाय अख्ख्या गावाची झाडं एकदम मरतात तेव्हा एवढं लाकूड घेणार कोण?

आता "किडा तसाही सगळीकडे पसरलाय" याबद्दल. 2021 च्या जानेवारीत अमेरिकन कृषी खात्याने ॲशचं लाकूड हलवण्यावरचे संघराज्य पातळीवरचे निर्बंध उठवले, हे खरं. त्याचा अर्थ किडा संपला असा नाही. भार राज्यांवर आणि गावांवर आला, एवढंच.

राहिलं "ज्याचं झाड त्याचं". हा किडा अमेरिकेत प्रथम सापडला 2002 मध्ये, डेट्रॉईटजवळ. आशियातून आलेल्या मालाच्या लाकडी खोक्यांतून तो आला असावा, असं मानतात. त्यात अंगणवाल्याचा काय दोष? आणि खर्च सार्वजनिक तिजोरीतून आधीच होतोय. 2011 मध्ये 'प्लॉस वन' या विज्ञान नियतकालिकात ऑकेमा आणि सहकारी संशोधकांनी हिशेब मांडला होता: बाहेरून आलेल्या साल आणि खोड पोखरणाऱ्या किड्यांपायी अमेरिकेतल्या स्थानिक सरकारांवर वर्षाला सुमारे 1.7 अब्ज डॉलरचा बोजा पडतो. मेलेला ॲश लवकर वाळून ठिसूळ होतो, त्यावर चढणं जिवावरचं काम. जितका उशीर, तितका खर्च जास्त.

भावाला लगेच फोन केला. ओंडके हलवू नकोस म्हटलं, आधी काउंटीला, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाला, विचार की ते कुठे घेतात. फॉरवर्ड त्याने ग्रुपवरून काढलाय.