चालू पीसी भंगारात कशाला घालायचा?

मायक्रोसॉफ्टच्या विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून दुकानात येणारं निम्मं गिऱ्हाईक एकच विचारतंय, "पीसी बदलायलाच पायजे काय?" माझा धंदा पीसी विकायचा आणि एएमसी, म्हणजे वर्षाच्या देखभालीचा करार, करायचा. "व्हय, बदलाच" म्हटलं की माझंच बिल फाटतंय. तरी बहुतेकांना मी नको म्हणतो, आणि आमच्या लाईनमधले दोस्त मला येड्यात काढतात. म्हणून एकदाच सगळं लिहितो. लांबलंय, चहा घेऊन बसा.

सपोर्ट संपला म्हणजे पीसी बंद पडत नाही. हिशोबाची टॅली उघडते, डिझाईनचं कोरल उघडतं, प्रिंट निघते. फक्त सुरक्षेचे नवीन अपडेट यायचे थांबतात. मग विंडोज ११ टाकू म्हणाल, तर गोम तिथंच आहे. त्याला टीपीएम २.० नावाची, मशीनमधल्या सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. आठवी पिढी बाजारात आली २०१७ च्या उत्तरार्धात. म्हणजे २०१७ च्या पाडव्याला ज्यानं चांगले पैसे मोजून सातव्या पिढीचा आय-फाईव्ह घेतला, त्याचं मशीन ठणठणीत असून बाद. गंमत म्हणजे त्या काळातल्या कित्येक मशिनींत टीपीएम २.० आहेच. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन पीटीटी (इंटेलचं आतलंच टीपीएम) चालू केलं की दिसतं. पण प्रोसेसर यादीत नाही ना, मग नापास.

दोस्तांचं म्हणणं, "दहा वर्षं अपडेट दिले की कंपनीनं, अजून किती फुकट पायजे?" मुद्दा रास्त आहे. विंडोज १० आलं जुलै २०१५ ला, आणि एवढी वर्षं अपडेट मिळालेला अँड्रॉइड फोन माझ्या तरी बघण्यात नाही. पण माझं भांडण वर्षांशी नाहीच. सातवरून दहावर जाताना जुन्याच मशीनवर, तेही फुकटात जाता आलं होतं. या खेपेला मशीनचं वय बघून दार लावलंय. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कितीतरी जुने लेथ आजही माल काढतात. बेअरिंग गेलं, बदललं. लेथ बनवणारा येऊन सांगत नाही की आता ह्यावर जॉब लावू नका.

शिरोलीतल्या एका फौंड्रीचं सांगतो. भट्टीतलं लोखंड ओतायच्या आधी नमुना घेतात, छोटी गोल चकती. ती घासून स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूत काय किती आहे ते मोजणाऱ्या मशीनवर, ठेवली की ठिणगी पडते आणि थोड्याच वेळात स्क्रीनवर कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, सल्फर, सगळ्यांचे आकडे येतात. आकडे बसले तर हीट, म्हणजे भट्टीतला तो घाणा, ओतायची, नाही बसले तर भट्टीत काय घालायचं ते ठरवायचं. तोवर भट्टी वीज खात उभी. हे सगळं ज्या पीसीवर चालतं तो अजून विंडोज ७ वर आहे. कीबोर्डच्या फटीत काळी वाळू, कॅबिनेटचं झाकण काढलेलं, शेजारी टेबल फॅन. स्पेक्ट्रोचं सॉफ्टवेअर त्याच विंडोजवर चालतं. पुढचं हवं असेल तर आधी मशीनमधलं कार्ड बदला, मग सॉफ्टवेअर घ्या. त्याचं कोटेशन बघून मालक मला म्हणाले, "एवढ्यात माझ्या पोराचं लगीन हुतंय की रं." मी त्यांना नवीन पीसी विकला असता तर तो शोभेला राहिला असता. मी काय केलं? नेटची वायर काढली, हार्ड डिस्कची आख्खी इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, काढली, तसलाच एक जुना पीसी स्पेअर म्हणून तयार करून कपाटात ठेवला. रिपोर्ट पेन ड्राईव्हवरून जातात, आणि तो पेन ड्राईव्ह दुसरीकडं कुठं लावायचा नाही अशी तंबी दिली आहे.

म्हणजे अपडेट बिनकामाचे, असं कुणी समजू नका. मे २०१७ मधला वॉनाक्राय, फायलींना कुलूप लावून पैसे मागणारा व्हायरस, आठवतोय? त्यावरचा पॅच, म्हणजे भोक बुजवणारा अपडेट, मार्चमध्येच आला होता. ज्यांनी टाकला नाही त्यांच्या फायलींना कुलूप लागलं, ब्रिटनच्या सरकारी दवाखान्यांपर्यंत. बँकेचं काम, जीएसटी, मेल ज्या पीसीवर चालतं तो उघडा ठेवणं म्हणजे चोराला चहाला बोलावणं. पण त्याच वेळचं आणखी एक ध्यानात घ्या. जुन्या विंडोज एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ लाच संपला होता, तरी मायक्रोसॉफ्टनं २०१७ मध्ये त्यासाठी पॅच काढला. करायचं ठरवलं की होतंय.

आत्ताही होतंयच, फक्त अट पाळावी नाहीतर पैसे टाकावे लागतात. घरगुती पीसीला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा अपडेट मिळतात: एकतर तुमची सेटिंग्ज त्यांच्या अकाउंटवर चढवा, नाहीतर मायक्रोसॉफ्टच्या रिवॉर्ड योजनेत जमवलेले १००० पॉइंट द्या, नाहीतर ३० डॉलर. युरोपातल्या ग्राहक संघटनांनी आवाज उठवला, तर तिकडं पैसे नाहीत की बॅकअपची अट नाही, नुसतं लॉगिन केलं की झालं. आपल्याकडं कुणी ओरडल्याचं माझ्या कानावर नाही, आणि आपल्याला अटी. धंद्याच्या पीसीचा हिशोब तर बघाच. पहिल्या वर्षी मशीनमागं ६१ डॉलर, पुढं दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. ६१, १२२, २४४. बेरीज ४२७ डॉलर, रुपयांत पस्तीस हजारांच्या वरच. म्हणजे नव्या पीसीची किंमत! हा दर अपडेटचा नाही, तुम्हाला नव्या पीसीकडं ढकलायचा आहे, असं माझं स्पष्ट मत.

दिल्लीत ग्राहक व्यवहार खात्यानं २०२२ मध्ये राईट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल काढलं. चांगलं केलं. पण सुटे भाग मिळून भागत नाही. मशीन विकतानाच खोक्यावर छापा की अपडेट अमुक सालापर्यंत मिळणार. बिस्किटाच्या पुड्यावर तारीख असते, चाळीस हजारांच्या वस्तूवर नको?

"लिनक्स टाका" (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम) म्हणणारे कमेंटमध्ये येतीलच, म्हणून आधीच सांगतो. घरी नुसतं नेट आणि यूट्यूब बघणाऱ्यांना मी खुशाल टाकून देतो, छान चालतं. पण फ्लेक्सवाल्याला कोरल लागतं आणि अकौंटंटला टॅली. त्यांना मी तत्त्वज्ञान सांगत बसलो तर ते शेजारच्या दुकानात जातील. यादीत नसलेल्या मशीनवर जुगाड करून विंडोज ११ टाकता येतं, पण पुढचं मोठं अपडेट आपोआप येत नाही. गिऱ्हाइकाच्या मशीनवर मी ते करत नाही.

तर सध्या माझं धोरण असं. घरचा पीसी आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर वर सांगितलेल्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या जादा अपडेटची जोडणी करून घ्या, हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, टाका. बिलिंगचा आणि बँकेचा पीसी तेवढा आता बदला, तिथं कंजुषी नको. ज्यांच्याकडं स्पेक्ट्रो, सीएनसी किंवा वजनकाट्याला जोडलेला जुना पीसी आहे त्यांनी आधी डिस्कची इमेज काढा, बाकी बोलणं नंतर. काढायला मी येतो, फक्त सोमवारी फोन करू नका, दुकान बंद असतंय.