हेल्मेट होतं का, हे नंतर विचारा

साइटवर डोक्यात वीट पडून बिगारी गेला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "हेल्मेट घातलं होतं का?" मला या प्रश्नाची चीड येते. वीट वरून सुटली कशी, हे कुणी विचारतच नाही. सगळा दोष मेलेल्याच्या माथी.

साधा हिशोब बघा. तीन किलोची वीट तिसऱ्या मजल्यावरून, म्हणजे साधारण 10 मीटरवरून निसटली तर खाली येईपर्यंत तिचा वेग ताशी 50 किलोमीटर होतो. दीड सेकंदही लागत नाही. "अय, बाजूला हो!" म्हणेपर्यंत खेळ आटोपलेला. 30 किलोचं पोतं मीटरभर उंचीवरून डोक्यात टाकावं तेवढी त्या तडाख्याची ऊर्जा. हेल्मेट डोकं वाचवेलही एखादवेळी, पण मानेचं काय? हेल्मेट हवंच, हनुवटीचा पट्टा लावून हवं. पण ते सगळ्यात शेवटी.

आधी परांचीच्या, म्हणजे उंचावर उभं राहून काम करायच्या मचाणाच्या, कडेला सहा इंची उभी फळी ठोका. पायाचा धक्का लागून हातोडी खाली येणार नाही. सेंट्रिंग, म्हणजे स्लॅब ओतायचा साचा, खोलताना त्याच्या प्लेटा वरून भिरकावतात, कारण त्या दोरीने उतरवायला माणूस लागतो, वेळ लागतो आणि काम चौरस फुटाच्या रेटवर घेतलेलं असतं. मजूर बेफिकीर असतो म्हणणाऱ्यांनी तो रेट एकदा विचारावा. शंभर फुटी रोडला इमारतींवर हिरवी जाळी दिसली की आपल्याला बरं वाटतं. ती धुळीची जाळी आहे हो, वीट तिला जुमानत नाही. आणि माल चढवायच्या लिफ्टखाली सावली असते म्हणून दुपारचे डबे तिथंच उघडतात. तिथं चार बांबू आडवे बांधून वाट बंद करायला खर्च तो किती?

सगळंच वरून पडतं असंही नाही. गावभागातल्या बोळात डंपर मागं येतो, मागं दाखवायला कुणी नाही. खोदाईचं पोकलेन यंत्र वळतं तेव्हा त्याचा मागचा भाग भिंतीपर्यंत येतो, मध्ये माणूस असला तर संपलं.

बांधकाम मजुरांसाठी 1996 मध्येच कायदा झाला. खर्चाच्या 1 टक्का उपकर भरला जातो, त्यातून मजुरांसाठी योजना चालतात. चांगलंच आहे. पण परांचीची फळी त्यातून येत नाही, ती ठेकेदाराकडून मागावी लागते. घर बांधताना आपण करारात टाइल्सची कंपनी लिहून घेतो, नळाची लिहून घेतो. त्याखालीच लिहा: कडेला फळी, खाली पत्र्याचं छत, प्लेटा दोरीनेच उतरवायच्या. रेट थोडा वाढवून मागेल. द्या.