‘४ जीबी कार्ड’ म्हणजे दुप्पट वेग नव्हे

सेकंडहँड लॅपटॉप शोधणाऱ्यांना जीफोर्स ९४०एमएक्स या ग्राफिक्स कार्डाबद्दल (लॅपटॉपमधला गेमचं चित्र तयार करणारा भाग) एक सल्ला सारखा फॉरवर्ड होतोय: “जीफोर्स ९४०एमएक्स घ्यायचं तर ४ जीबीचंच घ्या, २ जीबीच्या डबल परफॉर्मन्स मिळतो. रॅम टाकली की ग्राफिक्स मेमरी आपोआप वाढते. डीएक्स १२ आहे, म्हणजे नवे गेमही चालतात.” (डीएक्स १२ म्हणजे डायरेक्टएक्स १२, विंडोजवर गेम आणि कार्ड यांना जोडणारं सॉफ्टवेअर.) पैसे साठवून लॅपटॉप घेणारी पोरं यावर विसंबून जास्तीचे पैसे मोजतात, म्हणून हे लिहितोय.

आधी ‘डबल’चं बघू. दोन्हींत एनव्हिडियाची तीच मॅक्सवेल पिढीची चिप, तेच ३८४ कुडा कोअर (चिपमधले हिशेब करणारे छोटे भाग), तीच ६४ बिटची मेमरी बस (चिप आणि मेमरी यांच्यातली वाट). खरा फरक पडतो तो मेमरीच्या प्रकाराने, आणि तेवढंच कुणी विचारत नाही. २०१६ साली आलेलं हे कार्ड डीडीआर३ आणि जीडीडीआर५ अशा दोन्ही मेमरींसह विकलं गेलं. डीडीआर३ची बँडविड्थ (डेटा ने-आण करण्याचा वेग) सेकंदाला फार तर १६ जीबी, जीडीडीआर५ची ४० जीबी. टाकी कितीही मोठी असली तरी नळ बारीक असेल तर बादली सावकाशच भरणार. म्हणून बहुतेक गेममध्ये जीडीडीआर५चं २ जीबी कार्ड डीडीआर३च्या ४ जीबी कार्डाला मागे टाकतं. ४ जीबी लागेल इतकं टेक्स्चर (गेममधल्या वस्तूंवरच्या चित्रांचा बारकावा) वाढवेपर्यंत चिपचाच दम संपलेला असतो.

स्टिकरवर ‘४ जीबी’ ठळक असतं, मेमरीचा प्रकार सहसा नसतोच. पैसे देण्याआधी जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून ‘मेमरी टाइप’ आणि ‘बँडविड्थ’ या दोन ओळी वाचा.

रॅमचा गैरसमज विंडोजच्या टास्क मॅनेजरमुळे पसरलाय. तिथे डेडिकेटेड (कार्डाची स्वतःची) आणि शेअर्ड मेमरी मिळून बेरीज दिसते. २ जीबीचं कार्ड आणि ८ जीबी रॅम असेल तर कार्डाचे २ आणि निम्म्या रॅमचे ४ मिळून सुमारे ६ जीबी. त्यातला शेअर्ड भाग म्हणजे साधी सिस्टिम रॅम. गेम तिथवर गेला की अडखळायला लागतो. (ड्युअल चॅनेलसाठी, म्हणजे दोन रॅम जोडीने चालून वेग वाढावा म्हणून, रॅम जरूर टाका, पण कार्डाची मेमरी त्याने वाढत नाही.)

डीएक्स १२ आहे, पण फीचर लेव्हल (कार्डाला त्यातल्या कुठवरच्या सोयी जमतात ती पायरी) ११.० पर्यंतच. १२.० मागणारा गेम सुरूच होणार नाही. शिवाय मॅक्सवेलसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) ऑक्टोबर २०२५ पासून थांबले. ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षा अपडेट येतील.

कार्ड टाकाऊ नाही. व्हॅलोरंट किंवा जीटीए ५ कमी सेटिंगवर ७२०पीला मजेत खेळता येतात. विचर ३ मीडियमवर टाकला की मात्र धाप लागते. ४ जीबीच्या ९४०एमएक्ससाठी जास्तीचे पैसे देणारच असाल, तर तेवढ्यात जीटीएक्स ९५०एम मिळतं का बघा: ६४० कोअर, १२८ बिट आणि जीडीडीआर५ असेल तर २ जीबीतही सेकंदाला ८० जीबी. फक्त तेही डीडीआर३मध्ये विकलं गेलंय, तेव्हा जीपीयू-झेड तिथेही उघडाच.