‘इट’ उरलं की सर! (रिकाम्या जागांचा आग्रह धरणाऱ्या सरांना उत्तर)

नमस्कार सर,

रिलेटिव्ह क्लॉजवरच्या, म्हणजे इंग्रजीत हू-व्हिच-दॅटनं जोडलेल्या उपवाक्यांवरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘सोप्या गोष्टीचा बाऊ केलाय. माणसाला हू, वस्तूला व्हिच, एवढं पाठ करून पन्नास रिकाम्या जागा भरून घेतल्या की झालं. मी तीस वर्षं तेच केलं. मध्ये मराठी घुसडली म्हणूनच पोरं गोंधळतात. आणि दॅट कुठंही चालतो हे साफ चूक.’

शेवटचं आधी कबूल करतो. ते वाक्य माझ्याकडून घाईत गेलं. कॉमानंतर दॅट येत नाही. लेखात दुरुस्त केलंय.

बाकीच्यावर मात्र भांडणार. रिकाम्या जागा माझीही पोरं धडाधड भरतात. वीसपैकी अठरा मार्क. आणि त्याच वहीत चार पानं पुढं, निबंधात, तोच मुलगा लिहितो : ‘व्हिच बॉय केम यस्टरडे, ही इज माय ब्रदर.’ हू-व्हिच घोकलेल्या पोरानं भावाला व्हिच का लावावं? कारण रिकाम्या जागेत वाक्य दुसऱ्या कुणीतरी बांधून दिलेलं असतं. स्वतः बांधायची वेळ आली की तो ‘जो मुलगा काल आला तो माझा भाऊ’ याच साच्यावर बांधणार. ज्याच्या हाती ससा तो पारधी, ही आपल्या वाक्याची जुनी ठेवण. जो आला की मागोमाग तो आलाच पाहिजे. इंग्रजीत ही जोडी नाही. तेव्हा मराठी मी घुसडली नाही सर, ती पोराच्या डोक्यात आधीपासून बसलेली आहे.

व्हिचचंही तसंच. आपण विचारताना कोण, कोणता म्हणतो आणि जोडताना जो. इंग्रजीत हू आणि व्हिच दोन्ही कामं करतात. पोरानं लहानपणी ‘व्हिच म्हणजे कोणता’ पाठ केलेलं असतं, मग ‘जो मुलगा’ म्हणायला त्याला तोच सापडतो.

पण मराठीत दुसरी वाटही आहे, आणि मी मुलांना तिथूनच नेतो. ‘मी खाल्लेलं भडंग.’ ‘मला चावलेलं कुत्रं.’ यात जो नाही, तो नाही. वर्णन आधी, नाम नंतर. इंग्रजीत फक्त उलटं करायचं, नाम आधी : ‘द भडंग दॅट आय एट’, ‘द डॉग दॅट बिट मी’. पहिल्यातला दॅट गाळला तरी चालतं, कारण खाणारा ‘आय’ तिथं वेगळा उभा आहे. दुसऱ्यात चावणारं कुत्रंच आहे. तिथला दॅट गाळला तर ‘कुत्रं मला चावलं’ असं पुरं वाक्य होतं आणि ऐकणारा इंजेक्शन घेतलं का विचारू लागतो. (हूजचा फारसा त्रास होत नाही. ज्याचा, ज्याची, ज्याचं, तिन्हींना तो एकच.)

सरावाला मी फळ्यावर सुटी दोन वाक्यं देतो. ‘धिस इज द बस. आय मिस्ड इट.’ मागच्या आठवड्यात दिग्रजहून येणाऱ्या एका मुलीनं ती जोडली, ‘धिस इज द बस व्हिच आय मिस्ड इट.’ मी काही बोललो नाही. ती दोन पावलं मागं सरली, मोठ्यानं वाचलं, आणि ‘इट उरलं की सर!’ म्हणत तळव्यानंच पुसून टाकलं. रिकाम्या जागेत हे ‘इट’ तिला कधी भेटलंच नसतं.

राहिला कॉमा. तो मी पुस्तकातून नाही, मामांकडून शिकलो. 2005 च्या पुरात कृष्णेचं पाणी सांगलीजवळच्या हरिपूरच्या हळदीच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, शिरलं. मामांची अडत. विम्याचं पत्र इंग्रजीत लिहायला घरात मीच शहाणा. मी ऐटीत लिहिलं, ‘द टर्मरिक, व्हिच वॉज इन द पेव, गॉट वेट.’ दोन्हीकडं कॉमा. याचा अर्थ हळद सगळी पेवातच होती आणि सगळीच भिजली. प्रत्यक्षात निम्मी पोती दुकानाच्या माळ्यावर कोरडी ठणठणीत. ‘पेवात होती तेवढीच भिजली’ म्हणायचं तर दोन्ही कॉमा काढायला हवे होते. पाहणीला आलेल्या माणसानं माळ्याकडं बोट करून विचारलं, ‘सगळी भिजली म्हणताय, मग ही कुणाची?’ मामा काही बोलले नाहीत, नुसतं माझ्याकडं बघितलं. पत्र पुन्हा लिहावं लागलं, भरपाई लांबली ती वेगळीच.

हू की व्हिच, यावर इथं काही अडलं नव्हतं.

तुमच्या तीस वर्षांच्या रिकाम्या जागांचा संच अजून जपून ठेवला असेल तर पाठवा सर, खरंच हवाय. त्यातलं एकेक वाक्य तोडून त्याची दोन करतो आणि सोमवारी वर्गाला जोडायला देतो. किती जणांचं ‘इट’ उरलं ते तुम्हाला इथंच कळवीन.