दहाव्या वर्षानंतर भाषा येत नाही? त्या मेसेजला उत्तर

मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरणाऱ्या एका मेसेजमधले दावे थोडक्यात असे: दहाव्या वर्षानंतर नवी भाषा अस्खलित येत नाही, हे एमआयटीने सिद्ध केलंय. तरी शिकायचीच असेल तर व्याकरणाच्या फंदात न पडता लहान मुलांसारखं नुसतं ऐका. ॲपवर रोज १५ मिनिटं द्या, तीन महिन्यांत बोलू लागाल. उच्चार मात्र कधीच सुधारणार नाहीत. आणि त्या मुलखात राहायला गेलं की भाषा आपोआप येते. तिशी-चाळिशीत जर्मन किंवा कन्नड शिकायला निघालेली माणसं असं काही वाचून हात आखडता घेतात, याचं वाईट वाटतं. म्हणून एकेक दावा तपासू.

‘दहाव्या वर्षानंतर नाही’

मूळ अभ्यास २०१८ चा, हार्टशोर्न, टेनेनबाउम आणि पिंकर यांचा. सुमारे ६ लाख ७० हजार लोकांनी दिलेली ती ऑनलाइन व्याकरणचाचणी होती. त्यातून निघालं असं, की इंग्रजीचं व्याकरण शिकण्याची क्षमता साधारण १७ व्या वर्षापर्यंत टिकून असते आणि मग उतरू लागते. दहाचा आकडा आला तो दुसऱ्याच प्रश्नातून: ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे, त्यांच्या तोडीची अचूकता हवी असेल तर सुरुवात कधी करावी? चाचणीत कोणी तोंड उघडून बोललंच नव्हतं. तिच्यावरून ‘बोलता येणार नाही’ असं म्हणणं म्हणजे शुद्धलेखनाची वही पाहून भाषणाचे गुण देणं.

उलट पुरावाही जुनाच आहे. हॉलंडमध्ये राहायला गेलेल्या इंग्रजीभाषकांचा अभ्यास स्नो आणि हफनागेल-हले यांनी १९७८ मध्ये छापला. पहिल्या काही महिन्यांत डच सर्वांत वेगाने शिकले ते किशोरवयीन आणि प्रौढ. ३ ते ५ वर्षांची मुलं मागे होती. मुलं पुढे जातात ती नंतर, कारण त्यांचा सगळा दिवस त्या भाषेत जातो. आणि आपल्याकडचंच उदाहरण हवं तर फादर स्टीफन्स. हा इंग्रज १५७९ मध्ये गोव्यात उतरला तेव्हा तिशीचा होता. ‘ख्रिस्तपुराण’ त्याने मराठी ओवीत लिहिलं, ते १६१६ मध्ये छापलं गेलं.

‘व्याकरण नको, नुसतं ऐका’

प्रौढ माणसाकडे नियम समजून घेण्याची ताकद असते, तीच काढून घ्यायचा हा सल्ला आहे. जर्मनमध्ये ‘वाइल’ म्हणजे ‘कारण’ आलं की क्रियापद शेवटी जातं: वाइल इश क्रांक बिन. कारण मी आजारी आहे. शब्दांचा क्रम हुबेहूब मराठीचा! मराठी माणसाला हे एकदा सांगितलं की पाच मिनिटांत कळतं. नुसतं ऐकून हाच नियम हाती लागायला कितीतरी वाक्यं कानावरून जावी लागतात. तीन लिंगांचंही तसंच, कल्पना आपल्याला नवी नाही. चूक होते ती मराठीचं लिंग तिकडे नेल्याने. सूर्य आपल्याकडे पुल्लिंगी, जर्मनमध्ये स्त्रीलिंगी. म्हणून नाम कधीही एकटं पाठ करू नये. ‘डी झोनं’ (सूर्य) असं आर्टिकलसकट, म्हणजे लिंग दाखवणाऱ्या ‘डी’सकटच करावं, अनेकवचनही सोबत.

‘रोज १५ मिनिटं, तीन महिने’

९० दिवसांचे होतात साडेबावीस तास. काळा घोड्याचं मॅक्स म्युलर भवन ज्या गोएथे संस्थेचं, तिच्या अंदाजाने बी१ पातळीला, म्हणजे रोजच्या व्यवहारापुरतं स्वतःचं स्वतः बोलता येण्याला, ४५ मिनिटांच्या ३५० ते ६५० तासिका लागतात, म्हणजे साधारण २६० ते ४९० तास. १५ मिनिटांच्या हिशेबाने किमान आकड्यालाच तीन वर्षं होतात. रोज दीड तास दिला तर सहा ते अकरा महिने.

ॲप शब्द घोटून घ्यायला चांगलं. नवे शब्द रोज १० ते १५, त्याहून जास्त नकोत. उजळणीचा ढीग साचला की लोक ॲपच उघडायचं बंद करतात. पण योग्य शब्द ओळखून बोट टेकवणं वेगळं आणि तो तोंडून वेळेवर निघणं वेगळं. त्यासाठी ४-३-२ ही पद्धत वापरावी. एक साधा विषय घ्या, उदाहरणार्थ घर ते ऑफिस. त्यावर ४ मिनिटं बोला, मग तेच ३ मिनिटांत, मग २ मिनिटांत, शक्यतो दर वेळी ऐकणारा वेगळा. फोनवर रेकॉर्ड करा. पहिल्या फेरीत जिथे अडखळलात तिथे बहुतेक मराठी वाक्य आधी मनात जुळलेलं असतं. तिसऱ्या फेरीत त्याला वेळच मिळत नाही. लिहून आणून वाचलं तर सगळा उपयोग गेला.

लोकलचा प्रवासही कामी येतो. गर्दीत हात मोकळे नसतात, म्हणून तिथे ऐकणंच ठेवा: एका मिनिटाचा ऑडिओ, ज्याची संहिता घरी आधी वाचलेली आहे. तोच तुकडा आठवडाभर. न कळणारी बातमीपत्रं तासभर कानात घालून काही होत नाही.

‘उच्चार सुधारत नाहीत’

र आणि ल यांतला फरक ऐकू न येणाऱ्या प्रौढ जपानी लोकांना वेगवेगळ्या आवाजांतले इंग्रजी शब्द ऐकवून, लगेच बरोबर-चूक सांगून केलेला प्रयोग १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. काही आठवड्यांत त्यांचे कान सुधारले, आणि उच्चाराची सुरुवात कानापासूनच होते. हेल थोडा राहील, राहू द्या. जर्मनमधला ü हा अवघड स्वर असा साधतो: ‘ई’ म्हणा, जीभ तिथेच ठेवा, ओठ ‘ऊ’सारखे गोल करा. जीभ मागे सरकली की साधा ‘ऊ’ होतो. ‘त्साइट’ (वेळ) या जर्मन शब्दामधला पहिला आवाज तर आपल्याला फुकटातच मिळालाय, तो ‘चांगला’मधल्या ‘च’च्या अगदी जवळचा आहे.

‘तिथे राहिलं की आपोआप येते’

याचं उत्तर मुंबईच आहे. वीस-वीस वर्षं इथे राहूनही मराठी न बोलणारी माणसं प्रत्येक सोसायटीत आहेत. दुकानात, रिक्षात, ऑफिसात हिंदीवर भागतं. त्यामुळे मराठी बोलायची वेळच येत नाही. यात आपलाही हात आहे. समोरचा ‘मला दोन किलो बटाटा पाहिजे’ म्हणतो आणि आपण लगेच ‘और कुछ?’ विचारतो. शिकणाऱ्याने ‘मराठीतच बोला, थोडं हळू’ हे वाक्य पहिल्याच दिवशी पाठ करावं. आणि आपण? तेच वाक्य, तेच शब्द, फक्त सावकाश, दुसऱ्यांदा म्हणावं: आणखी काय देऊ?