फुप्फुसातला तेलकट थर ही घाण नव्हे

हिवाळ्यात हवा बिघडली की तो मेसेज परत फिरू लागतो. या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तीनदा आला. थोडक्यात म्हणणं असं: प्रदूषणाने फुप्फुसांत तेलकट, चिकट थर साचतो, झोपताना गुळाचा खडा खाऊन वर कोमट पाणी प्यायलं की तो धुऊन निघतो, खडी क्रशरवरचे कामगार गूळ खातात म्हणून त्यांना काही होत नाही, आणि हे संशोधनात सिद्ध झालंय.

पहिलाच मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो. मी नवजात अतिदक्षता विभागात नर्स आहे. तो तेलकट थर मी फ्रिजमधून काढून, कुपी तळहातात धरून कोमट करते. दुधासारखा पांढरा द्रव, गायीच्या किंवा डुकराच्या फुप्फुसांतून मिळवलेला. दिवस भरण्याआधीच जन्मलेलं किलोभर वजनाचं बाळ कण्हत असतं, दर श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते. डॉक्टर नळीतून ते औषध श्वासनलिकेत सोडतात आणि मॉनिटरवर ऑक्सिजनचा आकडा चढू लागतो, कधी कधी काही मिनिटांतच. हेच सर्फॅक्टंट. त्याचा सुमारे ९० टक्के भाग स्निग्ध पदार्थांचा, बाकी प्रथिनं. वायुकोश, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या, आतून ओल्या असतात आणि पाण्याच्या ताणाने त्या मिटायला बघतात. श्वास सोडल्यावरही त्या उघड्या राहतात त्या या थरामुळे. तो धुऊन निघाला, तर आपलीही गत त्या बाळासारखी होईल.

प्रदूषण हा थर साचवत नाही, बिघडवतं. गाड्यांच्या धुरावर ऊन पडून जो ओझोन तयार होतो, तो स्निग्ध रेणूंमधल्या दुहेरी बंधांवर तुटून पडतो. थरातला मुख्य रेणू, डीपीपीसी, संपृक्त, म्हणजे असे दुहेरी बंध नसलेला, असल्यामुळे बराचसा टिकतो. पण त्याच्या सोबतचे असंपृक्त (दुहेरी बंध असलेले) रेणू आणि कोलेस्टेरॉल खराब होतात, आणि त्यातून पेशींना झोंबणारी रसायनं तयार होतात. पीएम २.५ चे, म्हणजे हवेतले अतिसूक्ष्म, कण या थरात उतरले की त्यातले स्निग्ध रेणू आणि प्रथिनं स्वतःभोवती लपेटून घेतात. सूज आली की रक्तातली प्रथिनं आत झिरपतात आणि थराचं काम आणखी अडतं.

आता गूळ. तो अन्ननलिकेत जातो, श्वासनलिकेत नाही. गेलाच, तर ठसका लागेल.

क्रशरवाल्यांना काही होत नाही, हे वाचून मात्र राग येतो. दगडाच्या धुळीतल्या सिलिकाने सिलिकोसिस हा आजार होतो आणि त्यात फुप्फुसांवर पडणारे व्रण भरून येत नाहीत. धूळ फारच जास्त गेली, तर वायुकोश सर्फॅक्टंटसारख्याच द्रव्याने तुडुंब भरतात आणि माणूस गुदमरतो.

संशोधन मात्र खरं आहे: लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्राचं, १९९४ सालचं. पण ते उंदरांवरचं. गूळ दिलेल्या उंदरांमध्ये कोळशाच्या धुळीचे कण फुप्फुसांतून जास्त हलले, इजाही कमी दिसली. कण गेले कुठे? लसिका ग्रंथींत. म्हणजे शरीराबाहेर नव्हेच. माणसाने रोज एक खडा खाल्ला तर काय होईल, हे त्यावरून ठरत नाही.

घरातलं कोणी क्रशरवर जात असेल, तर खडी फोडताना पाण्याचा फवारा चालू असतो का, तोंडाला नीट बसणारा एन९५ मास्क मिळतो का, हे विचारा. जिना चढताना दम लागत असेल, तर छातीचा एक्स-रे आणि फुप्फुसांच्या क्षमतेची चाचणी करून घ्या. डॉक्टरांना काम कसलं आहे आणि किती वर्षं झाली, तेही सांगा.