नासाचं सर्टिफिकेट आणि फॉरेस्टचा 'ओसाड' माळ

आमच्या मामींनी फॅमिली ग्रुपवर टाकलेला मेसेज तुमच्याकडेही आला असेलच, नसेल तर येईल. थोडक्यात असा: नासाने सांगितलंय भारतातली जंगलं झपाट्याने वाढतायत, तेव्हा झाडतोडीवरून गळे काढणाऱ्यांनी गप्प बसावं, एक तोडलं की दहा लावतातच, एक झाड लाखोंचा ऑक्सिजन फुकट देतं, आणि वनखात्याच्या हजारो एकर ओसाड माळांवर आंब्याच्या कोया, जांभळाच्या बिया, सीडबॉल (मातीच्या गोळ्यात बसवलेल्या बिया) फेका, पाच वर्षांत घनदाट जंगल, क्लायमेट चेंजचा प्रश्न खल्लास. खाली हात जोडलेले. आणि आता अर्धी भाचेमंडळी कोया गोळा करून बारामतीकडच्या माळावर निघालीयत, म्हणून लिहितोय, नाहीतर फॉरवर्डला उत्तरं देत बसायची मला हौस नाही.

आधी नासा. अर्धं खरं आहे, मान्य करतो. २०१९ मध्ये नेचर सस्टेनेबिलिटी या जर्नलमध्ये नासाच्या उपग्रहांच्या डेटावरून केलेला अभ्यास आला, २००० ते २०१७ मध्ये जग हिरवं झालं आणि त्यात चीन-भारत पुढे, हे त्यात खरंच आहे. पण त्याच पेपरमध्ये पुढे लिहिलंय की भारतातल्या या हिरवाईपैकी ८२ टक्के शेतीतून आली आणि जंगलातून फक्त ४.४ टक्के. म्हणजे उपग्रहाला दिसलं ते आपलं दुबार पीक, बोअरचं पाणी आणि युरिया. वर्षभर हिरवागार उभा असलेला ऊस वरून छानच दिसतो हो, पण म्हणून त्याला जंगल म्हणायचं? हा आकडा तेवढा मेसेजमधून गायब.

सरकारी वनक्षेत्राचा आकडाही असाच सांभाळून वाचायचा असतो. एक हेक्टर किंवा जास्त जागेवर झाडांच्या सावलीचं प्रमाण १० टक्क्यांच्या वर असलं की ते वनाच्छादन धरतात, मग मालक कोण, झाड कुठलं, याला महत्त्व नाही, हापूसची बाग पण आत आणि निलगिरीची लागवड पण आत.

आता ज्याच्यामुळे डोकं फिरलं तो मुद्दा, ओसाड माळ. कोण म्हणालं ओसाड? तुम्ही मे महिन्यात एसी गाडीतून बघितलात, पिवळा दिसला, झालं. ऑगस्टमध्ये जाऊन बघा, मारवेल, पवन्या, कुसळी, गुडघाभर गवत असतं. इंदापूर, बारामती, सुपे हा पट्टा मुळात कमी पावसाचा, जमिनीला मुरूम, तिथे हजारो वर्षं गवतच आहे, कोणी जंगल तोडून माळ केलेला नाही. त्यावर लांडगा जगतो, खोकड जगतं, सुप्याला तर चिंकाऱ्यासाठी अख्खं मयूरेश्वर अभयारण्य आहे. धनगरांची मेंढरं त्यावरच. धाविक नावाचा एक पक्षी आहे, तो घरटंच करत नाही, उघड्या मुरमावर दोन-तीन अंडी घालतो, मुरमाच्याच रंगाची, पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. माळढोकाचंही तेच, जमिनीवर एक अंडं, आणि त्याला लांबवर मोकळं दिसायला लागतं. सोलापूरला नान्नजच्या बाजूला १९७९ मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य झालं, आज तिथे माळढोक दिसला तर बातमी होते.

अशा माळावर 'जंगल' करायचं म्हणजे काय करतात माहितीय का? जेसीबी आणून सलग समतल चर खोदतात, बांधावर रोपं लावतात, आणि बऱ्याच ठिकाणी ती असतात गिरिपुष्पाची, म्हणजे ग्लिरिसिडिया या परदेशी झाडाची, कारण ते पटकन वाढतं आणि जनावरं फारसं तोंड लावत नाहीत. पुण्याच्या टेकड्यांवर फिरायला जाणाऱ्यांना सांगायला नको. त्याच्या गच्च सावलीत गवत मरतं, गवत गेलं की त्यावरचे किडे, चंडोल, ससे, मग लांडगा, सगळंच जातं. आणि कार्बनचं म्हणाल तर गवताचा बराचसा कार्बन मुळांत आणि मातीत असतो, वणव्यात वरचं गवत जळलं तरी खालचा बहुतेक शिल्लक राहतो. तीच माती तुम्ही जेसीबीने उलटीपालटी करणार, हवामानासाठी!

गंमत म्हणजे याच इंदापूर-बारामती पट्ट्यातल्या कडबनवाडी, शिर्सुफळला वनखातंच आता गवताळ माळाची सफारी चालवतंय. म्हणजे त्यांनाही कळलंय, पण २०१९ ला राज्य सरकारचं ३३ कोटी झाडांचं टार्गेट आलं तेव्हा रोपं लावायला सगळ्यात सोपी जागा कुठली? मोकळी दिसणारी. टार्गेट खड्ड्यांचं असतं, लांडग्यांचं नसतं.

कोयांचं एका वाक्यात सांगतो, आंब्याची कोय उन्हात सुकली की मेली, चारपाचशे मिलिमीटर पावसात मुरमावर ती काय उगवणार, डोंबल. कोकणात, सह्याद्रीत जिथे खरंच जंगल तुटलंय तिथे, तिथल्याच झाडांच्या बिया, नंतर राखण करायची तयारी असेल तर जरूर लावा, त्याला माझा विरोध नाही. लाखोंच्या ऑक्सिजनवर मी वेळ घालवत नाही, हवेत २१ टक्के आहे, संपत नाहीये.

राहिलं एकाच्या बदल्यात दहा. रस्त्यासाठी, खाणीसाठी शंभर वर्षांचं जंगल तुटतं, त्याचे पैसे कॅम्पाच्या, म्हणजे तोडलेल्या जंगलाच्या बदल्यात झाडं लावायच्या सरकारी फंडात जमा होतात, आणि ती दहा रोपं लावायला जागा शोधताना अनेकदा नजर जाते ती याच माळांवर. म्हणजे एका व्यवहारात दोन अधिवास गेले, जंगलही आणि माळही, आणि कागदावर झाडं वाढलेली! त्यामुळे मामी, पुढच्या वेळी कोणी 'दहा लावणार' म्हणालं की नमस्कार नका पाठवू, कुठल्या गावात, कुठल्या गटात लावणार आणि तिथे आज काय उगवतंय एवढंच विचारा.